वाळूतला काटा

जालन्याहून अंबडकडे निघाले की डाव्या हाताला बाभळींची एक लांब रांग लागते. तिच्यामागे गोल्फचे मैदान आहे, हे रस्त्याने जाणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. बियाण्यांच्या कंपनीच्या शेठजींनी ते एक्याण्णव साली करायला घेतले. माळ मुरमाड, वर कुसळी गवत. नऊ ठिकाणी तेवढी पाणी देऊन हिरवळ राखली, प्रत्येक हिरवळीत एक भोक आणि भोकात निशाण. बाकी माळ होता तसाच राहिला. नऊ भोके दोनदा खेळली की डाव पुरा होतो. ज्याला सगळ्यांत कमी फटके लागले तो जिंकला.

हिरवळींच्या कडेला मुद्दाम वाळूचे खड्डे केलेले आहेत. त्यांना बंकर म्हणतात. चेंडू त्यात पडावा आणि खेळणाऱ्याची फजिती व्हावी, एवढ्यासाठीच ते असतात. शहागडहून गोदावरीची वाळू ट्रकने आणून ते भरले होते. असे अकरा बंकर, आणि त्यांची राखण माझ्याकडे. सकाळी दाताळे घेऊन वाळू सारखी करायची, शेजारच्या वावरातून उडून आलेला कापूस, बाभळीचा पाला, शेळ्यांच्या लेंड्या वेचून टाकायच्या. माझ्याबरोबर सगुणाबाई होती. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "तातेराव, जन्मभर वावरातले खड्डे बुजवले. आता खड्डा राखायचा पगार घ्या!"

या खेळाचे नियम पुष्कळ आहेत. मला फक्त बंकरचे चांगले ठाऊक, कारण ते आमच्या अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत दारामागे लावलेले होते. कंपनीच्या ऑफिसात बेबीनंदा नावाची मुलगी कारकून होती. संध्याकाळी ती गावातल्या समाजमंदिरात प्रौढांचा वर्ग घ्यायची. माझी बाराखडी तिच्याकडेच झाली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. पुढे वाचायला काही पाहिजे म्हणून तिने इंग्रजी पुस्तकातले नियम मराठीत मोठ्या अक्षरांनी उतरवून दिले. ते मी रोज मोठ्याने वाचायचो.

"चेंडू बंकरमध्ये असेल तर मारण्याआधी काठी वाळूला टेकू नये. हाताने वाळू चाचपू नये. वाळूत पडलेले पान, काडी, काटा हलवू नये. काठ्यांची बॅग उचलणाऱ्याने चूक केली तरी दंड खेळणाऱ्याला. दंड दोन फटके."

सगुणाबाई ऐकून म्हणाली, "पडलेला काटा उचलायचा न्हाई? ह्यो कुठला धरम?"

तिचे म्हणणे मला पटले होते. आमच्याकडे वाटेत काटा दिसला की वाकून उचलायचा आणि बांधाच्या पलीकडे टाकायचा, हे कोणी कोणाला शिकवत नाही. माझी आई झुंबरबाई डोक्यावर भारा असला तरी गुडघ्यात वाकून काटा उचलायची. जवळ बांध नसेल तर ओच्यात ठेवायची आणि घरी आल्यावर चुलीत टाकायची. म्हणायची, मागून येणाऱ्याच्या पायात वहाण असंलच असं न्हाई. बाभळीचा काटा वहाणेतूनही आरपार जातो. तो मोडून आत राहिला तर माणूस पंधरा दिवस कामातून जातो. म्हणून काटा दिसला की हात आपोआप जातो. विचार मागून येतो.

आता मच्छिंद्रचे सांगतो.

मच्छिंद्र कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर. तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांचा असेल. बियाण्यांचे साहेब खेळायला आले की तो जीपजवळ थांबायचा, आणि कोणीतरी टाकून दिलेल्या जुन्या काठ्यांनी हरवलेले चेंडू मारत बसायचा. विटीदांडूचा हात होता त्याचा. दोन-तीन वर्षांत तो साहेबांपेक्षा लांब आणि सरळ मारायला लागला. शेठजींनी एकदा उभे राहून पाहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आपल्या कामगारांतला कोणी जानेवारीच्या सामन्यात पहिला आला, तर मी त्याला इथं शिकवणारा करीन. मैदानावर पक्की खोली देईन." साहेब लोक हसले. शेठजी हसले नाहीत.

त्या दिवसापासून मच्छिंद्रला दुसरे काही सुचेना. त्याची नोकरी म्हणजे महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. आज परतूर, उद्या आष्टी, परवा नांदेड, बियाण्यांचे प्लॉट दाखवत साहेबांना फिरवायचे. बायको गिरिजाबाई आणि चार वर्षांची मुलगी अंबडला. एकदा तो पंधरा दिवसांनी घरी गेला तेव्हा मुलगी दारातूनच आत ओरडली, "आई, जीपवाले आले." हे त्याने मला सांगितले तेव्हा हसत सांगितले, पण पुन्हा पुन्हा सांगितले.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे. आदल्या दिवाळीत दाभाडे साहेबांचा चेंडू बंकरमध्ये गेला होता. हे उत्पादनाचे मॅनेजर, मैदानावरचे सगळ्यांत चांगले खेळाडू. मी दाताळे घेऊन कडेला उभा होतो. साहेब विचार करत उभे राहिले आणि त्यांची काठी चेंडूमागे वाळूवर टेकली. मग त्यांनी चेंडू मारला, पुढे जाऊन भोकात घातला आणि म्हणाले, "पाच लिहा."

मी म्हणालो, "साहेब, सात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "कसे सात?"

"काठी टेकली साहेब. दोन दंडाचे."

त्यांनी वाळूतली खूण पाहिली. मग म्हणाले, "सात लिहा." पुढे महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, पण माझ्या नोकरीलाही हात लावला नाही. मच्छिंद्रने मात्र ही गोष्ट अंबडपासून आष्टीपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितली. त्याच्या सांगण्यात मी साहेबांच्या हातातली काठी हिसकावून घेतली होती.

सामना शहाण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी होता. साहेबांच्या बॅगा उचलायला माणसे होती. ड्रायव्हरची बॅग उचलायला कोणी तयार नव्हते. मच्छिंद्र माझ्याकडे आला.

"मामा, एक दिवस दाताळं ठेवा बाजूला. माझी बॅग घ्या."

"मला त्यातलं काय कळतं रे?"

"कळायचं काय त्याच्यात? मी मागीन ती काठी द्यायची अन् माझ्या मागं चालायचं. तुमी संगं असले म्हंजे मला बरं वाटतं."

बंकरचे काम त्या दिवसापुरते सगुणाबाईने एकटीने घेतले. "जा," ती म्हणाली, "आज तुमी साहेबाच्या पंगतीत."

औरंगाबादहून एक निवृत्त कर्नल पंच म्हणून आले होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, मोजके बोलणारे. मच्छिंद्र आणि दाभाडे साहेब बरोबरच फिरत होते, फटके ज्याचे त्याचे. पहिल्या फेरीत साहेब दोन फटक्यांनी पुढे होते. दुसऱ्या फेरीत मच्छिंद्रने एकेक करून ते भरून काढले. त्या दिवशी तो बोलत नव्हता. काठी मागायला नुसता हात मागे करायचा आणि मला बरोबर कळायचे.

दुसऱ्या फेरीत सातव्या हिरवळीजवळ त्याचा चेंडू बंकरमध्ये गेला. दाभाडे साहेब पलीकडच्या बाजूला आपल्या चेंडूजवळ होते. मच्छिंद्र हिरवळीवर जाऊन निशाणापर्यंतचा उतार बघत होता. मी बॅग घेऊन बंकरमध्ये उतरलो. चेंडू वाळूवर स्वच्छ बसला होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर बाभळीची एक वाळकी डहाळी पडली होती, बोटभर लांब पांढऱ्या काट्यांची. बरोबर तिथेच मच्छिंद्रचा डावा पाय येणार होता. त्याच्या पायात कापडी बूट, तळव्याला झिजून पातळ झालेले.

मी वाकलो, डहाळी उचलली आणि बंडीच्या खिशात टाकली.

मच्छिंद्र आला, पाय रोवून उभा राहिला आणि असा मारला की चेंडू वाळूसकट उडून भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. पलीकडून दाभाडे साहेब म्हणाले, "वा!" बंकरच्या कडेला ठेवलेल्या दाताळ्याने मी वाळू सारखी केली. खांद्यावर बॅग होती, तरी रोजच्यासारखीच केली.

शेवटच्या भोकात त्याचा चेंडू पडला तेव्हा तो एका फटक्याने पुढे होता. आधी कोणाला खरे वाटेना. मग ड्रायव्हर, माळी, गोडाऊनचे हमाल सगळे धावत आले. कोणीतरी त्याला उचलले. सगुणाबाईने त्याच्यावरून दोन्ही हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली. मच्छिंद्र नुसता "गिरिजाला निरोप धाडा, गिरिजाला निरोप धाडा" म्हणत होता.

मी बाजूला येऊन तंबाखूसाठी खिशात हात घातला, आणि काटा अंगठ्यात गेला.

रक्ताचा थेंब आला. मी डहाळी बाहेर काढली. दारामागचा कागद सगळाच्या सगळा माझ्या डोळ्यांपुढे होता. "काटा" हा शब्द बेबीनंदाने कसा लिहिला होता, ट जरा मोठा काढला होता, तेही दिसत होते.

डहाळी दोन बोटांत मोडून गवतात टाकली असती तर संपले असते. कोणी पाहिले नव्हते. मी ती टाकायला दोनदा हात पुढे केला. पण तिथे उघड्या पायाची दहा माणसे नाचत होती.

आकडे मांडलेले कार्ड खेळाडूने सही करून पंचाकडे द्यायचे असते. मच्छिंद्र मांडवाकडे निघाला होता. मी त्याला हाक मारून पत्र्याच्या खोलीमागे नेले.

"सही केली का?"

"आता करून राह्यलो. कामून?"

"करू नको. हे बघ."

त्याने डहाळीकडे पाहिले. "काटाय. मंग?"

"सातव्याच्या बंकरमधला. तुझा चेंडू आत असताना मी उचलला."

त्याला एकदम कळले नाही. मग कळले. त्याने मागेपुढे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "कुणी पाह्यलं?"

"कुणीच न्हाई."

"मंग झालं तर."

"मी पाह्यलं ना."

"मामा, त्यो चेंडूच्या जवळ तरी व्हता का? त्यानं माझा फटका सोपा झाला का?"

"न्हाई झाला."

"तुमी रोज शंभर काटे उचलता तिथून!"

"रोज मी कामावर असतो. आज तुझी बॅग माझ्या खांद्यावर व्हती."

"मंग तुमाला कळत न्हवतं का तवा?"

"हात गेला मच्छिंद्र. तुझा पाय येणार व्हता तिथं. हात गेला."

तो पत्र्याला पाठ लावून उभा राहिला. मग त्याचा आवाज चढला. "चार अक्षरं काय शिकलात, माझ्याच बोकांडी बसलात! कुणाला ठाव हाय तो कागद? तुमच्याबिगर कुणी वाचलाय तरी का?"

"दाभाडे साहेबाला मी सात म्हणलो तवा तू आष्टीपर्यंत सांगत गेल्तास."

"ते साहेब हायेत! त्यांचं दोन फटक्यानं काय जातं? माझी लेक मला जीपवाले म्हणती, मामा."

डहाळी मी हातातच धरून राहिलो.

"मी काही सांगणार न्हाई," तो म्हणाला. "तुमाला सांगायचं तर सांगा." आणि जाऊन आपल्या जीपच्या मडगार्डवर बसला. कार्ड हातातच होते. सही केलेली नव्हती.

मांडवापर्यंतची वाट शंभर पावलांची असेल. मधे मी एकदा थांबलो. मनात आले, साहेबाचे मोजले आणि आपल्या माणसाचे खिशात ठेवले, तर उद्यापासून दाताळे घेऊन मी कोणत्या तोंडाने बंकरच्या कडेला उभा राहणार? हा विचार मोठा होता असे नाही. त्यात माझ्या स्वतःच्या तोंडाचीच काळजी जास्त होती. पण पाय पुढे गेले ते त्याच्यावरच.

कर्नलसाहेबांनी सगळे ऐकून घेतले. डहाळी हातात घेऊन पाहिली.

"काटा उचलला तेव्हा चेंडू बंकरमध्येच होता?"

"व्हय साहेब."

"बॅग तुमच्याकडे होती?"

"व्हय."

"ती बाई तिकडे काम करते," त्यांनी सगुणाबाईकडे बोट केले, "तिने आपणहून उचलला असता तर काही दंड नव्हता. पण आज तुम्ही खेळाडूचे माणूस आहात, बाबा." मग त्यांनी मच्छिंद्रला बोलावले. "हे म्हणतात ते खरं आहे?"

मच्छिंद्र "नाही" म्हणू शकला असता. तो तेव्हा हिरवळीवर होता, त्याने काही पाहिलेच नव्हते. म्हातारा चुकीचे बोलतो म्हटले असते तर माझ्याकडे एका वाळक्या काट्याशिवाय काय होते?

तो म्हणाला, "मी पाह्यलं न्हाई, साहेब." मग हातातल्या कार्डाकडे पाहिले. "पण मामा खोटं बोलत न्हाईत."

दाभाडे साहेब शेजारीच होते. ते म्हणाले, "कर्नलसाहेब, एवढ्याशा काट्यासाठी कशाला? माझी काही हरकत नाही."

मच्छिंद्रने मान वर केली. "नको साहेब. तुमचे सात मोजले व्हते." त्याने टेबलावरचा पेन उचलला, सातव्याचा आकडा खोडला, दोन वाढवून लिहिला, सही केली आणि कार्ड ठेवून जीपकडे निघून गेला. एका फटक्याने जिंकलेला सामना तो एका फटक्याने हरला.

शेठजींनी पुढे पुण्याहून एक शिकवणारा आणला. शेठजींचा शब्द पहिल्या नंबरासाठी होता, आणि शब्दाला ते माझ्याइतकेच चिकट होते. पक्क्या खोलीत तो पुण्याचा माणूस राहायला लागला.

आठवड्याने अंबडच्या बाजारात गिरिजाबाई भेटली. कडेवर मुलगी होती. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मामा, तुमच्या खिशातला काटा तुमच्या खिशात ऱ्हायला असता तर कुणाचं काय गेलं असतं?" तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतले. ती म्हणाली, "तुमी चांगलं केलं का वाईट, मला म्हाईत न्हाई. मला एवढं म्हाईत हाय की परवा हे नांदेडला गेल्ते अन् अजून आले न्हाईत."

सगुणाबाईने त्या दिवसानंतर माझा कागद वाचणे ऐकून घेणे बंद केले. मी वाचायला लागलो की बाहेर जाऊन बसायची. मच्छिंद्रने खेळणेच सोडले. साहेबांना सोडून तो जीपमध्येच बसून राहायचा, काच वर करून. समोर आलो तर "राम राम" म्हणायचा. पण मामा म्हणायचा नाही.

अशी पाच वर्षे गेली. या पाच वर्षांत मी त्या गोष्टीचा किती वेळा विचार केला असेल! बंकरची वाळू ओढताना दुसरे काम डोक्याला नसते. मी बरोबर केले, याबद्दल मला शंका आली नाही. पण बरोबर करताना त्याची किंमत दुसऱ्याने दिली. माझी नोकरी राहिली, नाव झाले, कर्नलसाहेब नंतर आले की मला हात जोडायचे. चूक माझी, दंड त्याचा, आणि नाव माझे. हे कागदावर कुठे लिहिलेले नव्हते, तरी तसेच झाले.

दोन हजार एकमधली गोष्ट. सोमवारी मैदान बंद असते. त्या दिवशी कामगार खेळले तर शेठजी हरकत घेत नाहीत. मार्च असेल, बाभळीच्या शेंगा गळत होत्या. रात्री वारा सुटला होता आणि सकाळी मी एकेक बंकर साफ करत सातव्याकडे येत होतो. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून एक चेंडू गेला आणि समोरच्या बंकरमध्ये पडला.

मागे वळून पाहिले तर मच्छिंद्र. एकटाच, हातात दोन जुन्या काठ्या. केस कानाजवळ पांढरे झालेले. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, ती लांब बाभळीखाली शेंगा वेचत होती.

तो बंकरच्या कडेला आला. मीही आलो. वाळूत चेंडू होता, आणि त्याच्या शेजारी, यावेळी तर वीतभरच अंतरावर, एक वाळकी काटेरी डहाळी.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिले. मग तो म्हणाला, "आज कामावर का?"

"कामावर."

"मंग ह्यो काटा तुमच्या कामातला का माझ्या डावातला?"

मी विचार केला. "तू विचारलं नसतंस तर मी आपणहून उचलला असता, ते चाललं असतं. आता तू विचारलंस. आता न्हाई चालत."

त्याने डहाळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग एकदम हसायला लागला. इतका की त्याला काठीवर रेलावे लागले. "ह्या म्हाताऱ्याला," तो मुलीकडे बघून ओरडला, "ह्या म्हाताऱ्याला यम न्यायला आला ना, तर हे त्याला इचारतील, रेड्याचा पाय वाळूला कामून लागला?"

मुलगीही हसली. तिला काही कळले नसेल.

मच्छिंद्र वाळूत उतरला. डहाळीला पाय लागणार नाही असा जरा तिरका, अवघडून उभा राहिला. काठी वाळूवर अधांतरी धरली आणि मारली. चेंडू काही फार चांगला गेला नाही. हिरवळीच्या कडेला जाऊन थांबला. आता चेंडू बाहेर होता. तो वाकला, डहाळी उचलली, इकडेतिकडे पाहिले आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"टोचंल," मी म्हणालो.

"ठाव हाय. दाताळं द्या, मामा."

मी दिले. वाळूत उमटलेली आपली पावले त्याने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश पुसली. मग मुलीला हाक मारून तो हिरवळीकडे गेला. मी दाताळे घेऊन आठव्याकडे निघालो.